माळ, काठ आणि वाट : नीरा-भीमेच्या दुआबातील अद्‌भुत विश्वाची घडण

१

लोककथेतील अद्‌भुत विश्वाचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा पात्रांवर खिळते. देव, दैत्य, यक्षिणी, वेताळ, बोलणारे पशू आणि आकाशमार्गे जाणारे घोडे यांची वर्गवारी होते. त्यांची मुळे वेदांत, पुराणांत किंवा अन्य देशांच्या कथांत शोधली जातात. परंतु ही पात्रे ज्या भूमीवर वावरतात तिची चिकित्सा क्वचितच होते. अद्‌भुत विश्व म्हणजे कल्पनेने शून्यातून निर्माण केलेला प्रदेश, असा समज या उपेक्षेच्या मुळाशी आहे. वस्तुतः परंपरेने घडविलेले कोणतेही अद्‌भुत विश्व दोन अतिशय लौकिक गोष्टींवर उभे असते. जमीन कोण कशासाठी वापरतो ही पहिली, आणि माणसे कोठून कोठे, किती दिवसांत व कोणत्या ऋतूत जातात ही दुसरी. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाकडील बावडा व त्याच्या भोवतालचा इंदापूर-बारामतीचा मुलूख प्रमाण धरून हे विधान तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा मुलूख निवडण्यास कारण आहे. उत्तरेस व पूर्वेस भीमा, दक्षिणेस नीरा, आणि आग्नेयेस नीरा-नरसिंहपूर येथे त्या दोन नद्यांचा संगम, अशी इंदापूर तालुक्याची निसर्गाने आखलेली चौकट आहे. या दोन्ही नद्या सह्याद्रीतील विपुल पावसावर पोसलेल्या. परंतु ज्या भूमीतून त्या येथे वाहतात ती पर्जन्यछायेतील, वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पावसाची. पाणी नजरेसमोर वाहत आहे आणि शेत मात्र कोरडे आहे, ही या प्रदेशाची शतकानुशतकांची स्थिती होती. अशा भूमीत शेतकऱ्याइतकाच, कधी त्याहून अधिक, मेंढपाळ महत्त्वाचा ठरतो. अद्‌भुताची घडण पाहण्यास असा संमिश्र वापराचा प्रदेश विशेष उपयुक्त होय.

२

प्रथम भूमिवाचक शब्दांचा विचार करू; कारण जमिनीच्या वापराचा सर्वांत जुना दप्तरखाना भाषा हाच असतो. जुन्या महसुली भाषेत गावाचे दोन भाग मानले जात : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे कसण्याची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, माती आणि चुना साचून वस्तीची भूमी पांढुरकी होते, हे या नावाचे मर्म. उत्खनन करणाऱ्यांना प्राचीन वसाहतींचा माग याच पांढरीच्या टेकाडांवरून लागतो, ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे शेतकऱ्याच्या शब्दात केवढे निरीक्षण साठले आहे ते कळते. काळी आणि पांढरी यांच्या पलीकडे शीव, आणि शिवेलगत माळ व गायरान.

‘रान’ हा शब्द याहूनही बोलका आहे. संस्कृत ‘अरण्य’पासून तो आला, याविषयी मतभेद नाही. परंतु देशावरचा शेतकरी ‘रानात गेला’ असे म्हणतो तेव्हा तो अरण्यात गेलेला नसतो. तो शेतावर गेलेला असतो. अरण्य तोडून, जाळून, नांगरून शेत झाले. नाव मात्र तेच राहिले. त्याच शब्दातून ‘गायरान’ झाले, ‘रानभूल’ झाली आणि ‘रानटी’ही झाले. एकाच शब्दात जंगल, चराऊ जमीन आणि पेरलेले शेत असे तीन थर एकावर एक पडलेले आहेत. युरोपीय परीकथेत गाव आणि घनदाट अरण्य यांच्यामध्ये जी ठळक रेषा असते, ती येथील कथेत का आढळत नाही, याचे उत्तर या शब्दाच्या इतिहासात आहे. येथे अद्‌भुताचा उंबरठा झाडीच्या कडेला नाही. तो बांधापाशी, शिवेपाशी, पेरलेले संपून न पेरलेले सुरू होते तेथे आहे.

तिसरा शब्द ‘वाघूर’. रात्री मेंढरे कोंडण्यासाठी भोवती उभारतात त्या जाळीस धनगर वाघूर म्हणतो. संस्कृतात ‘वागुरा’ म्हणजे पारध्याचे जाळे, पशू पकडण्याचा फास. शिकारीच्या साधनाचे नाव रक्षणाच्या साधनास मिळाले आहे, आणि लोकांच्या कानाला त्यात ‘वाघ’ ऐकू येतो, ज्याच्यापासून कळप राखावयाचा तोच. पारधी आणि मेंढपाळ हे दोन व्यवसाय दख्खनच्या माळावर किती निकट होते याची ही भाषिक खूण आहे. या प्रदेशातील खंडोबासारखे देव एकाच वेळी शिकारी, योद्धे आणि मेंढपाळ असतात, ही वरवर विसंगत वाटणारी गोष्ट या एका शब्दाच्या प्रकाशात सुसंगत दिसू लागते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शब्द बोलका आहे म्हणून प्रत्येक नाव बोलते असे नाही. ‘बावडा’ या नावाचा ‘बाव’, ‘बावडी’ या विहीरवाचक शब्दांशी संबंध जोडण्याचा मोह सहज होतो. परंतु गगनबावडा व कसबा बावडा ही कोल्हापूरकडील नावे समोर ठेवली म्हणजे एका गावातील एका विहिरीची कथा सांगून भागत नाही, हे स्पष्ट होते. ध्वनिसाम्य हा प्रश्न आहे, उत्तर नव्हे. याउलट बारामती तालुक्यातील ‘उंडवडी गवळ्याची’ या नावात गवळ्यांची वस्ती उघडपणे नोंदलेली आहे. तेथे व्युत्पत्तीची कसरत करावी लागत नाही. स्थलनामांचा पुरावा वापरताना उंडवडीपासून आरंभ करावा, बावड्यापासून नव्हे.

३

आता प्रवासाकडे वळू. या भागातून माणसांचे तीन प्रवाह शतकानुशतके वाहत आले आहेत.

पहिला प्रवाह मेंढपाळांचा. पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी चिखल आणि संततधार असते. मेंढरांचे खूर सडतात. म्हणून पावसाचे महिने कळप पूर्वेच्या कोरड्या माळावर राहतात. दिवाळीनंतर माळावरचे गवत सरते आणि धनगरांचे वाडे पश्चिमेकडे, काही घाट उतरून कोकणापर्यंत, जातात. ‘वाडा’ हा शब्द येथे चिरेबंदी घराचा वाचक नाही. घोड्यांवर संसार लादून एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा तो तांडा होय. वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरे बसवून घेतो. लेंडीखताच्या मोबदल्यात धान्य देतो. मेंढपाळ आणि कुणबी यांचे नाते असे परस्परोपकाराचे असते आणि कळप उभ्या पिकात शिरला की कलहाचेही असते. या दोन्ही गोष्टी पुढे कथेत जशाच्या तशा उतरतात.

दुसरा प्रवाह वारकऱ्यांचा. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेला पालखी सोहळा देहूहून निघून उंडवडी, बारामती, काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा येतो आणि बावड्यावरून सराटीस जाऊन नीरा ओलांडतो. नीरेत पादुकांना स्नान घडते व सोहळा अकलूजकडे, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, प्रवेश करतो. तिसरा प्रवाह कावडींचा : चैत्रात सासवड व कऱ्हाकाठच्या इतर गावांहून कावडी नीरा ओलांडून शिखर शिंगणापूरच्या शंभूमहादेवास जातात आणि मुंगी घाटाची उभी चढण चढतात.

हे तीन प्रवाह एकमेकांस छेदतात. त्यांचे ऋतू मात्र निराळे. कावड उन्हाळ्यात, वारी पावसाच्या तोंडाशी, मेंढरांची पश्चिमयात्रा सुगीनंतर. म्हणून या प्रदेशाचा नकाशा एकच नाही. वर्षाच्या तीन कालखंडांत तीन निरनिराळे नकाशे उलगडतात. त्यांतील अंतरेही भूमितीच्या मापाने मोजलेली नाहीत. ‘कोस’ संस्कृत ‘क्रोश’पासून आला, त्याचा मूळ अर्थ हाक, म्हणजे हाक पोचेल ते अंतर. ‘मजल’ आणि ‘मुक्काम’ अरबीतून आले. एकात उतरण्याची जागा, दुसऱ्यात थांबण्याची. कानाने, पायाने आणि विसाव्याने मोजलेले हे अंतर आहे. लोककथेत देवाचा घोडा सात मजला एका झेपेत ओलांडतो तेव्हा त्यातील अद्‌भुत कळण्यासाठी एक मजल चालताना पायांस काय होते, हे श्रोत्यास ठाऊक असावे लागते. ज्याने मजल चालली नाही त्यास तो चमत्कार केवळ संख्या वाटतो.

४

जमीन आणि प्रवास यांतून अद्‌भुत विश्व कसे रचले जाते याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण खंडोबाचे आहे. कारण एकाच देवाची दोन विश्वे येथे शेजारी शेजारी उपलब्ध आहेत.

संस्कृत ‘मल्हारी माहात्म्य’ या ग्रंथात मणी आणि मल्ल हे दैत्य मणिचूर्ण पर्वतावरील ऋषींना पीडा देतात. शिव मार्तंडभैरवाचे रूप घेऊन त्यांचा वध करतो. येथील भूमी पौराणिक साच्याची आहे : आश्रम, तपोवन, रणभूमी. त्या वनात कोणती झाडे आहेत, तेथे पाऊस कधी पडतो, कोण काय खातो, याने कथेस काही फरक पडत नाही. तोच पर्वत कोणत्याही प्रांतात नेला तरी कथा अबाधित राहते.

वाघ्या-मुरळी व धनगर गातात ते विश्व निराळे आहे. त्यात खंडोबा सारीपाटात म्हाळसेकडून हरतो आणि बारा वर्षांसाठी घर सोडतो. तो चंदनपुरीस बाणाई धनगरणीच्या वाड्यावर वेष पालटून चाकरीस राहतो, मेंढरे राखतो, ती मारतो व पुन्हा जिवंत करतो आणि त्या बळावर बाणाईस वरतो. पुढे जेजुरीस दोन सवतींचे भांडण माजते. म्हाळसा लिंगायत वाण्याची लेक. तिचे घर, चूल, सोवळे ठरलेले. बाणाई माळावरची, तिच्या अंगाला मेंढरांचा वास. या भांडणात पेठ आणि माळ, साठवलेले धान्य आणि हिंडता कळप, शाकाहार आणि मांसाहार हे सारे समोरासमोर येतात. जेजुरीच्या गडावर ही व्यवस्था दगडात मांडलेली आहे : म्हाळसा वर देवाजवळ, बाणाईचे देऊळ गडाच्या अर्ध्या वाटेवर. परंपरा देवास आणखीही बायका देते. त्यांत रंभाई शिंपीण आहे, फुलाई माळीण आहे. देवाचा संसार म्हणजे कोरडवाहू मुलखातील व्यवसायांची गणनाच होय. प्रत्येक जातीस आणि प्रत्येक प्रकारच्या जमिनीस त्या घरात एक दार आहे.

बारा वर्षांच्या वनवासाची कल्पना पुराणांतून आली असे म्हणता येईल, आणि ते खोटे नाही. परंतु त्या वनवासात देव काय करतो, हे पुराणांनी ठरविलेले नाही. राम वनात जातो. खंडोबा मेंढरांमागे जातो. घर सोडून हिंडणे हा धनगराच्या वर्षाचा नित्यक्रम. देवाच्या आयुष्यात तोच संकट, प्रेम आणि पराक्रम यांचा काळ झाला. लौकिक प्रवासास अलौकिक कथानकाचे रूप येते ते असे. वीर येथील म्हस्कोबा कमळाजी धनगराच्या भक्तीस वश होऊन सोनारीहून आला, ही आख्यायिकाही त्याच जातीची आहे. मेंढपाळ नव्या चराऊ भूमीत स्थिरावतो आणि त्याचा देव त्याच्या मागोमाग येतो. स्थलांतराची आठवण अशा रीतीने देवाच्या आगमनकथेत जपली जाते.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात पुणे परिसरातील देवस्थाने, जुन्या वाटांचे छेद आणि पशुपालकांच्या हालचाली यांचा संबंध दाखविला. गुंथर सोंथायमर यांनी पुढे बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांच्या मौखिक परंपरा धनगरांच्या तोंडून नोंदविल्या आणि गाव व रान यांमधील ताणाचे सूत्र त्यांत उलगडले. त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. अ‍ॅन फेल्डहाउस यांनी नद्या, कावडी आणि यात्रा यांतून प्रदेशाची जाणीव कशी घडते ते तपासले. या संशोधनाने पाया घातला आहे. भाषाभ्यासकाने त्यावर जे रचावयाचे ते शब्दांच्या पातळीवर.

५

देवांच्या खालच्या पायरीवर भुतांचे राज्य आहे. तेथे तर जमिनीच्या वापराची वाटणी अधिकच काटेकोर दिसते. साती आसरा नदीच्या डोहात राहतात; ‘आसरा’ हे ‘अप्सरा’चे रूप, परंतु स्वर्गातील नर्तकी येथे खोल पाण्याची स्वामिनी झाली. गिऱ्हा पाणवठ्याशी आणि उतारापाशी दबा धरतो. मुंजा पिंपळावर, म्हणजे पांढरीच्या आतच, असतो. म्हसोबा बांधावर व शिवेवर, मरीआई वेशीबाहेर, वेताळ माळावर. भुतांच्या या यादीस गावच्या नकाशाची सूची म्हणावयास हरकत नाही. कोठे बुडण्याचे भय, कोठे हद्दीचा तंटा, कोठून साथ येते, कोठे एकट्याने जाऊ नये, हे सारे तीत नोंदलेले आहे.

यांत विशेष लक्षणीय चकवा होय. चकव्यास रूप नाही, शस्त्र नाही. तो एवढेच करतो की वाटसरू रात्रभर चालतो आणि पहाटे निघाला तेथेच असतो. घनदाट झाडीत वाट चुकण्यास भुताची गरज नसते. परंतु उघड्या, सपाट, खुणांवाचून पसरलेल्या माळावर, जेथे सर्व काही दिसते आणि तरी दिशा कळत नाही, तेथे वाट चुकणे हे आश्चर्य आहे. ते आश्चर्य चकव्याने मूर्त केले. कोकणात राखणदार आणि देवचार प्रबळ आहेत, कारण तेथील जमीन कुंपणाची, आगराची व वाटणीची आहे. राखावयास तेथे काही आहे. भूमी पालटली की भुताचा व्यवसायही पालटतो.

६

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप घेता येईल. अद्‌भुत विश्व जर जमिनीतून उगवते, तर अखिल भारतीय पुराणकथा सर्वत्र सारख्या कशा पसरतात? नीरा-नरसिंहपूर हे याचे उदाहरण. तेथील नृसिंहाची वालुकामय मूर्ती प्रल्हादाने घडविली अशी श्रद्धा आहे. विंचूरकर सरदारांनी तेथे भव्य मंदिर बांधले, आणि ते स्थान अनेक घराण्यांचे कुलदैवत म्हणून ख्यात आहे. प्रल्हाद काही नीरेकाठचा नव्हे.

आक्षेप खरा आहे, पण त्यातच उत्तर आहे. पुराण पात्र पुरविते; मूर्तीचे द्रव्य मात्र स्थळ पुरविते. दोन नद्यांच्या संगमावर जे विपुल असते ते वाळू. म्हणून प्रल्हाद येथे वाळूची मूर्ती घडवितो. पंढरपूरची कथाही अशीच स्थलबद्ध झाली आहे. रुसलेली रुक्मिणी दिंडीरवनात येते, तिला शोधीत कृष्ण गाई-गोपाळांसह येतो, आणि गोपाळपूर हे ठिकाण त्या कळपाची साक्ष म्हणून दाखविले जाते. द्वारकेचा राजा भीमेकाठी येताना राजवैभव मागे ठेवतो आणि गुरे बरोबर आणतो. विठ्ठलाच्या मुळाशी गवळी-धनगरांचा देव आहे, असे रा. चिं. ढेरे यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या ग्रंथात साधार मांडले.

काटेवाडी येथे हा समन्वय आजही डोळ्यांनी पाहता येतो. तुकोबांची पालखी गावात येते तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, आणि मेंढपाळ आपली मेंढरे पालखीभोवती धाववून रिंगण पुरे करतात. कळपास रोगराई होऊ नये, ही त्यामागील श्रद्धा. वारीची वाट आणि मेंढरांची वाट जेथे छेदतात तेथे दोन्ही विश्वे काही क्षण एकमेकांत मिसळतात. ग्रंथांतील भक्तिमार्ग आणि माळावरील पशुरक्षण यांत कोणता मूळ आणि कोणता कलम, हा प्रश्न त्या धुळीत निरर्थक ठरतो.

७

ही चर्चा केवळ पुरातत्त्वाची नाही. कारण जिच्यातून हे विश्व उगवले ती भूमी पालटली आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर नीरेचा डावा कालवा खोदला गेला आणि १८८५ पासून बारामती-इंदापूरच्या कोरड्या रानास पाणी मिळू लागले. भाटघरचे मोठे धरण १९२० च्या दशकात पुरे झाले. उसाचे क्षेत्र वाढले. १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले. भीमेवरील उजनी धरणाच्या पाण्याने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काठची गावे गिळली. पळसदेवचे जुने मंदिर आता पाणी उतरते तेव्हाच दिसते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही समृद्धी आहे, आणि तिला नाके मुरडण्याचा अधिकार कोणत्याही अभ्यासकास नाही. दुष्काळात मेलेल्या माणसांच्या ओव्या कोणी गात नाही.

परंतु परिणाम नोंदविणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे. बारमाही उसात मेंढरे बसविता येत नाहीत. माळ नांगरला गेला म्हणजे चकव्याची जागा जाते. डोह धरणाच्या पोटात गेला म्हणजे आसरा बेघर होतात. वाघूर, खांड, मजल हे शब्द ज्यांच्या बोलण्यात सहज येतात अशी माणसे पिढीगणिक कमी होत आहेत. ओवी ध्वनिमुद्रित करता येते; परंतु ती ज्या नकाशावर उभी आहे तो नकाशा नोंदला नाही, तर शंभर वर्षांनी तिच्यातील स्थळे मणिचूर्ण पर्वतासारखी निराकार होतील. मौखिक कथा गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणूनच कथेबरोबर चार गोष्टी टिपाव्यात : कथेतील प्रत्येक स्थळ गायकाच्या मते कोठे आहे, तेथे पूर्वी काय पिकत वा चरत असे, तेथे जाण्यास किती मजला पडत, आणि कोणत्या महिन्यात जात. कोशकारास शब्द मिळेल, इतिहासकारास वाट मिळेल, आणि कथेस तिची भूमी राहील.

मराठीत नवे अद्‌भुत विश्व रचू पाहणाऱ्या लेखकासही यातून काही घेता येईल. टोल्किन हा मूळचा भाषाशास्त्रज्ञ होता. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) लिहिताना त्याने नकाशा हाताशी ठेवला, पात्रांची रोजची चाल आणि चंद्राच्या कला यांचा मेळ घातला. म्हणून ते विश्व विश्वसनीय वाटते. परंतु त्याची अरण्ये आणि बर्फाळ खिंडी उसन्या घेऊन मराठीत पेरल्या तर त्या रुजत नाहीत, कारण आपल्या भाषेच्या ‘रान’ या शब्दात तसे अरण्य उरलेलेच नाही. त्याची पद्धत घ्यावी, त्याची भूमी घेऊ नये. पाऊस कोठे पडतो आणि कोठे पडत नाही, कळप कोणत्या महिन्यात कोणती नदी ओलांडतो, शिवेवर कोण बसले आहे, आणि दिवसाकाठी माणूस किती चालतो, एवढे ठरले म्हणजे देव आणि भुते आपापल्या जागी येऊन बसतात. नीरा-भीमेच्या दुआबात त्या तशाच येऊन बसल्या आहेत.